टूटीनाना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला झोडपून नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून गेलं. त्यानंतर आमच्या भागात दोन गोष्टी दिसू लागल्या: पेट्रोलवर चालणारे चेनसॉ आणि त्यांत कोणतं तेल किती घालावं हे सांगणारे नाना. पैकी चेनसॉ विकत घ्यावे लागले.

खरं म्हणजे नाना आधीपासून होतेच, फक्त त्यांच्या ज्ञानाला इंजिन मिळालं नव्हतं. मुंबईत असताना त्यांनी बजाजची टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आणि पंपावर ‘टूटी किती घालू?’ या पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाच्या प्रश्नाला उत्तर देण्यात हयातीतला सर्वांत अधिकाराचा काळ घालवला. मग फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, पंपावर कुणी काही विचारेना. निवृत्त होऊन नाना गावी आले तेव्हा नोकरीतून निवृत्त झाल्याचं दुःख त्यांना नव्हतंच. दुःख होतं ते या दुसऱ्या निवृत्तीचं. वादळाने त्यांना पुन्हा कामावर घेतलं.

असा एक नाना कोकणातल्या प्रत्येक वाडीत निघतो. त्याने जन्मात झाड तोडलेलं नसतं, कंबरेमुळे चेनसॉ उचललेला नसतो. पण दोन आगरं पलीकडे मशीन सुरू झालं की झोपाळ्यावर बसल्या बसल्या तो धुराचा रंग बघतो आणि पायांत चपला सरकवतो.

‘किती घातलंस?’ हा नानांचा नमस्कार.

‘घातलं की बूचभर,’ मशीनवाला पोरगा म्हणतो.

‘कुठल्या बाटलीचं बूच?’

इथे पोरगा हरतो. बूच, घोट, अंदाजाने, हाताला येईल तेवढं ही कोकणातली अधिकृत मापं आहेत आणि नानांचा त्यांच्याशी उभा दावा आहे. (काकू आमटीत मीठ अंदाजानेच घालतात. तिथे प्रमाण विचारण्याची नानांची छाती नाही.)

‘अरे, मोटारीच्या इंजिनाला तेलाची वेगळी जागा असते. ह्याला आहे का? पेट्रोलबरोबर जे पोटात जाईल त्यावरच पिस्टन नि बेअरिंग जगायची. आणि हे फिरतं किती? मिनिटाला बारा-तेरा हजार! कमी घातलंस तर पिस्टन धरेल. जास्त घातलंस तर प्लग काळा, सायलेन्सर काजळीने बंद आणि शेजारी सगळे खोकत. पुस्तकात काय लिहिलंय?’

पुस्तकात लिहिलेलं असतं ५०ला १. त्याचा अर्थ लिटरला ५० मिली असा घेणारी माणसं नानांनी पाहिली आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलताना ते आवाज खाली आणतात. ५०ला १ म्हणजे लिटरला २० मिली. जुन्या किंवा हलक्या मशीनच्या पुस्तकात २५ला १ असेल तर ४०. हा हिशेब नाना पावकी-निमकीच्या चालीत म्हणून दाखवतात आणि शर्टाच्या खिशातून, जिथे इतर निवृत्तांचं पेन असतं तिथून, २० मिलीची सिरिंज काढतात. ती मेडिकलमधून आणलेली असते. ‘इंजेक्शन कुणाला, नाना?’ असं दुकानदाराने विचारलं तेव्हा नानांनी ‘मशीनला’ असं इतक्या गंभीरपणे सांगितलं की त्याने बिल करताना पेशंटचं नाव विचारलं नाही.

पुढचा विधी पाहण्यासारखा असतो. आधी कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, मग सिरिंजने तेल, वर उरलेलं पेट्रोल, मग झाकण लावून हलवणे. मशीनच्या टाकीत थेट तेल ओतणाऱ्याला नाना अंगणाबाहेर काढतात. तयार मिश्रण महिन्यात संपवायचं, कारण हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. ‘आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा म्हणजे काय, पाणीच!’ नानांनी कॅनवर तारखेची चिठ्ठी चिकटवायला लावली आहे. मुदत संपलेलं पेट्रोल गावात पहिल्यांदा त्यांनीच घोषित केलं.

कोणतं तेल हा वेगळा अध्याय. किराणा दुकानातल्या सुट्या तेलाचं नाव काढलं तर नाना थेट सर्वोच्च न्यायालयात जातात: ‘१९९८ साली दिल्लीत सुटं टूटी बंद करायला कोर्टाने सांगितलं. तू श्रीवर्धनात विकत घेतोस?’ एकदा एका पोराने जीवना बंदरावरच्या मेहुण्याकडून होडीच्या इंजिनाचं टूटी फुकट आणलं. नानांनी डबा हातात धरून वरची अक्षरं वाचली. टीसी-डब्ल्यू-३. ‘डब्ल्यू म्हणजे वॉटर. होडीचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड राहतं. तुझं मशीन हवेवर. ते तापणार किती, हे किती! ह्याला जपानी जासोचं एफडी बघ, निदान एफसी.’ पोराने तेल परत केलं. मेहुण्याने नानांशी बोलणं टाकलं.

आणि मग दुसरं झाकण. चेनसॉला दोन झाकणं असतात, एक मिश्रणाचं, दुसरं चेनच्या तेलाचं; ज्याने एकाचा माल दुसऱ्यात ओतला त्याची गोष्ट नाना नाव न घेता सांगतात, पण घर दाखवतात. या दुसऱ्या टाकीत सगळा तालुका गॅरेजचं जळकं ऑइल घालतो. फुकट मिळतं ना! नानांचा संताप इथे खरा असतो. त्या तेलात लोखंडाचा भुगा असतो, तो चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी खातो. आणि फिरती चेन तेल शिंपडते ते कापणाऱ्याच्या अंगावर आणि बागेच्या मातीत. ‘ऑस्ट्रिया-जर्मनीत जंगलात वनस्पती तेल वापरतात, आणि तुम्ही त्या पोफळीच्या बुडाशी गटार सोडता!’ चेनचं तेल चिकट हवं, तार धरणारं, नाहीतर पट्टीच्या टोकाशी वळताना ते उडून जातं. परीक्षाही ठरलेली: मशीन चालू करून टोक पांढऱ्या कागदासमोर धरायचं, तेलाची रेघ उमटली पाहिजे. कागद म्हणून नाना जपून ठेवलेली निवडणुकीची पत्रकं देतात. उमेदवाराच्या दातांवर रेघ आली की परीक्षा पास.

एकदा नाना चेनचा इतिहास सांगत होते. १९४६च्या सुमारास अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका किड्याची अळी पाहिली. आपल्याकडे आंब्याला भिरूड लागतो त्याच्याच जातभाईची. ती लाकूड डावीकडे-उजवीकडे कुरतडत सहज पुढे जाते, हे बघून त्याने चेनचे दात तसे घडवले.

‘नाना, मग त्या अळीला तेल कुठे लागतं?’ पोरगा म्हणाला.

नाना क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘ती मिनिटाला तेरा हजार फिरत नाही.’

यंदा पौषात पुण्याहून नानांचा पुतण्या बॅटरीवरचा चेनसॉ घेऊन आला. पेट्रोल नाही, टूटी नाही, धूर नाही. नानांनी मशीन हातात न घेता चारी बाजूंनी पाहिलं आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. त्या दिवशी ते चहाला नको म्हणाले, तेव्हा काकूही जरा घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारठ्यात पुतण्याने फणसाची फांदी कापायला घेतली. थोड्याच वेळात पट्टी तापून वास सुटला. नाना उठले, आले, वाकले, आणि त्यांना बाजूला एक झाकण दिसलं.

‘ह्यात काय घातलंस?’

‘खोबरेल, काका. घरचं, शुद्ध. पर्यावरणालाही चांगलं.’

नानांनी झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र गोठलेलं.

‘अगो,’ त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, ‘माझा चहा टाक. आणि ह्या शहाण्याला पाट दे बसायला, वेळ लागेल.’