लवंगी

त्याचं खरं नाव फक्त आमच्या स्कोअरबुकात सापडतं. बाकी सगळ्यांसाठी तो लवंगी. त्या फटाक्याची वात पेटवली की हात मागे घ्यायलाही फुरसत मिळत नाही, तसाच हा. एरवी गडी सालस. लोकलमध्ये म्हाताऱ्यांना जागा देतो, टपरीवर चहाचे पैसे आधी काढतो. पॅड बांधले की मात्र आपल्याला कोण काय बोलतंय याकडेच त्याचे कान.

आझाद मैदानावर एका मॅचचा थर्डमॅन दुसऱ्या मॅचच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. एकदा शेजारच्या मॅचमधला एक फिल्डर आपल्या बोलरला ओरडला, "सरळ टाक रे, ह्याला काही येत नाही!" लवंगी बॅट घेऊन त्याच्यावर धावून गेला. अंगावर कोण येतंय आणि का, हेच त्या बिचाऱ्याला कळेना. "अहो, मी तुमच्या मॅचमध्ये नाही," असं तो काकुळतीने सांगत होता. "मग आमच्यात बोलतोस कशाला?" हा लवंगीचा सवाल. दोन्हीकडचे अंपायर आणि एक चणेवाला मध्ये पडला तेव्हा कुठे मिटलं.

या रागामागे अभ्यास आहे, हे मात्र मानायला हवं. 2007, डर्बन: फ्लिंटॉफने युवराजला डिवचलं आणि भरपाई ब्रॉडने केली, सहा चेंडूंत सहा सिक्सर. हे तो दर रविवारी सांगतो. 1996, बंगळुरू: आमिर सोहेलने प्रसादला चौकार मारला आणि बॅट रोखून सीमारेषा दाखवली. इथे लवंगी उभा राहून तशी बॅट दाखवतो आणि गोष्ट संपवतो. पुढच्याच चेंडूवर सोहेलची दांडी उडाली, हे त्याच्या आवृत्तीत छापलेलंच नाही. झिदानचंही तेच. 2006 ची फायनल, बर्लिन, मातेराझी काहीतरी बोलला, झिदानने छातीत डोकं हाणलं. "वा!" लाल कार्ड आणि फ्रान्सची हार येईपर्यंत चहा आलेला असतो.

समोरच्या टीमचा कीपर मुरलेला. पूर्वी तो बोलायचा. "या साहेब, आज पॅड धुतलेत वाटतं," एवढ्यावर आमची विकेट पडायची. मग त्याला कळलं, तेवढीही मेहनत नको. मागच्या रविवारी तो तोंड मिटून बसला. एक चेंडू झाला, दोन झाले. तिसऱ्याला लवंगी मागे वळला.

"काय बोललास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? मला काही नाही बोलतोस?"

पुढच्या चेंडूला तो राग काढायला पार पिचच्या मध्यापर्यंत पुढे गेला. कीपरने बेल्स सावकाश उडवल्या. मला तर वाटतं, आधी घड्याळही पाहिलं असावं.

तंबूत येऊन लवंगीने ग्लव्ह्ज आपटले. "सुरुवात त्याने केली."

काल रात्री त्यांच्या कॅप्टनचा मला फोन. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पावसाचं झालं, मग हळूच म्हणाला, "लवंगीला ताप आलाय म्हणे? बघा बुवा, रविवारपर्यंत उतरवा. औषधाचं काय असेल ते आम्ही देतो."