अमरगोळचे नामदेव

काकांचं खरं नाव वेगळंच आहे. पण अमरगोळात ते नामदेवकाका, कारण हाती आलेल्या प्रत्येक भांड्यावर ते नाव घालतात. एपीएमसी यार्डात अडत्याकडे जन्मभर हिशेबपट्ट्या लिहिल्या आणि म्हातारपणी घरच्या घरी धंदा काढला: किल्ल्यांचे बिल्ले, तांबे, रुखवतातल्या वाट्या. कमीत कमी भांडवल, हे धंद्याचं पहिलं तत्त्व. दुसरं तत्त्व नाही.

सुरुवात बॅटरीवर झाली. पितळी वाटीला सुनेचं नेलपॉलिश फासायचं, सुईने त्यात अक्षरं ओरखडायची, ९ व्होल्टच्या बॅटरीचं अधिक टोक वाटीला लावायचं आणि उणे टोक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाला. मग नेलपॉलिश निघालेल्या जागीच धातू खाल्ला जातो. "खर्च चिमूटभर मिठाचा," असं काका सांगतात. नेलपॉलिशचा हिशेब सून सांगते. पहिल्याच दिवशी टोकांची अदलाबदल झाली. वाटी शाबूत राहिली, तार झिजली. स्टेनलेस स्टीलवर हेच केलं तर क्रोमियमची विषारी संयुगं सुटू शकतात, असं कुणीतरी सांगितलं आणि काकूंनी कारखाना परसातही ठेवू दिला नाही.

मग चिगरी बसने हुबळीला जाऊन काका डायोड लेझर बघून आले. झगझगीत पितळेवरून त्याचा प्रकाश परततो, स्टीलवर नुसता काळा ठसा उमटतो. खोल कोरायचं तर फायबर लेझर हवा. किंमत ऐकून काका म्हणाले, "एवढ्यात मी अख्ख्या गल्लीला तांबे वाटतो की!"

शेवटी हुबळीच्या दुर्गदबैलातून आलं ते भांड्यांच्या दुकानात असतं तसलं विजेचं पेन. कार्बाइडचं टोक, सेकंदाला १०० ठोके. कन्नड अक्षरांच्या गोलाईत ते झोकात फिरतं. मराठीची शिरोरेषा सरळ ओढताना मात्र काकांचा हात डगमगतो. म्हणून त्यांनी शिरोरेषाच बंद केली. तेवढीच वीज वाचली.

दर अक्षरामागे २ रुपये. पण काटकसर इतकी मुरलेली, की काका गिऱ्हाइकाचीही अक्षरं वाचवतात. 'चि. सौ. कां.' ही युक्ती एखाद्या कोरणाऱ्याचीच असणार, हे त्यांचं ठाम मत. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं पूर्ण नाव घालतात ते ती वाटी पुढच्या लग्नात फिरू नये म्हणून. काकांनी देशपांड्यांच्या वाट्यांवर नुसतं 'दे.' घातलं. देशपांडे भडकले. पण ज्यांना त्या वाट्या मिळाल्या ते देसाई खूश झाले: त्यांनी त्याच वाट्या देशमुखांकडच्या मुंजीत दिल्या आणि देशमुखांनी पुढच्या बारशाची सोय करून ठेवली.

आता गिऱ्हाइकं आपण होऊन आखूड नाव मागतात. काकूंनी दाराशी नवा दरफलक लावलाय: पूर्ण नाव, अक्षरी २ रुपये, नुसतं 'दे.', २५ रुपये.