पडद्यावरचा ऊस

आभासी बास्केटबॉल संघाचा व्यवस्थापक ही जात मैदानावर कधीच आढळत नाही. 'बझरबीटर'सारख्या ऑनलाइन खेळात तो मोबाइलवरूनच खेळाडू विकत घेतो, पाच जणांची फळी नेमून देतो आणि सामना आपोआप खेळला जात असताना म्हशीची धार काढून येतो. त्याची खरी कसोटी लागते ती कोणाला शिकवायचे हे ठरवताना, कारण आठवड्याला एकाच कौशल्याचा सराव घेता येतो आणि खेळाडू नेमलेल्या जागी ४८ मिनिटे, म्हणजे पूर्ण सामनाभर, खेळला तरच सरावाचे पुरते फळ पदरात पडते. सामने आठवड्याला ३, त्यामुळे एकाच जागेचा सराव घेतल्यास पुरते शिकणारेही तिघेच. उरलेल्यांनी बाकावर बसून पगार घ्यावा.

हा गृहस्थ हिवरे बाजारचा असेल, तर मिनिटांची ही टंचाई त्याला परकी वाटू नये. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात, म्हणजे पडलेल्या पावसावरून पाण्याचा हिशेब काढून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवतात. उसासारखी तहानलेली पिके तेथे वर्ज्य आहेत आणि शेतीसाठी बोअरवेल घेण्यासही बंदी आहे. या नियमांच्या बाजूने सर्वांत आधी हात वर करणारा हा नियमनिष्ठ पुरुष रात्री संघ उघडतो आणि खुशाल उसाची लागण करतो.

येथे ऊस म्हणजे सेंटर, बास्केटखाली उभा राहणारा ताडमाड खेळाडू. कोवळ्या वयाचा खेळाडू लवकर शिकतो, उंच खेळाडूला बास्केटजवळची कौशल्ये लवकर येतात आणि 'क्षमता' नावाची मर्यादा गाठली की प्रगती जवळजवळ थांबते, हे सारे त्याने वहीत लिहून ठेवलेले असते. तरीही १८ वर्षांचा, सात फुटी पोरगा दिसला की क्षमतेचा रकाना त्याला दिसेनासा होतो. पोरगा आठवड्याची मिनिटे पितो, कौशल्याबरोबर त्याचा पगार चढतो आणि तिजोरीचा तळ दिसू लागतो. उरलेल्या दोन जागांपैकी एक तेहतिशीतल्या थकल्या खेळाडूला मिळते, कारण म्हाताऱ्या बैलाला बाजार दाखवायचा नसतो, अशी त्याची धारणा असते (बैलाला दर आठवड्याला पगार नसतो, हा भेद त्याला गौण वाटतो).

सकाळी शेजाऱ्याची मोटार दहा मिनिटे जास्त चालली, तर मात्र तो बांधावर उभा राहून त्याला ताळेबंद समजावून सांगतो.