रा. रा. क्रिएटिव्ह प्रोड्यूसर साहेबांस

रा. रा. क्रिएटिव्ह प्रोड्यूसर साहेब (आडनाव दर मेलला बदलतं, म्हणून गाळलं आहे),
यांना दहिवली, ता. कर्जत इथल्या झेरॉक्सवाल्याचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आधी आभार. आमच्या आळीतल्या पोराची पटकथा तुम्ही वाचलीत. उल्हास नदीच्या पुरात अडकलेल्या वऱ्हाडाची गोष्ट, एकशे दहा पानं. प्रिंट आणि स्पायरल आमच्याच दुकानातलं. मुंबईत त्याने ती जिथे जिथे पाठवली तिथून साधी पोचसुद्धा आली नाही. तुमचं उत्तर मात्र चौदा मिनिटांत! 'युनिव्हर्सल अपील आहे, इमोशनल ग्राफ जबरदस्त आहे.' नदीचा उल्लेख नाही, वऱ्हाडाचा नाही, एका पात्राचं नाव नाही. हेच कौतुक माझ्या लाइट बिलालाही लागू पडलं असतं. त्याचा ग्राफ तर खराच चढता आहे.

मग तुमचं सिलेक्शन लेटर आलं आणि प्रिंटला माझ्याकडेच आलं. त्यावर एका बड्या ओटीटीचा लोगो. मोबाइलवर झकास दिसत होता, कागदावर उतरल्यावर त्याचे चौकोन चौकोन झाले. साहेब, ज्याचा लोगो असतो त्याच्याकडे तो धड असतो. फाटका लोगो स्क्रीनशॉट मारणाऱ्याकडेच सापडतो. सोबतचा करार शंभराच्या स्टॅम्पवर, तारीख गेल्या महिन्यातली, ठिकाण मुंबई. महाराष्ट्रात 2024 च्या ऑक्टोबरपासून अशा कराराला शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो, हे आमच्या दुकानात चहा आणणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे.

पण खरी करमणूक पुढे होती. पोराने विचारलं, समक्ष कुठे भेटायचं? तुम्ही लिहिलंत, 'कर्जतला आमच्या सरांचा स्वतःचा एन. डी. स्टुडिओ आहे, पण तुम्हाला फार लांब पडेल.' अहो, तो दहिवलीत राहतो! चौकच्या रस्त्याला बाइक लावली की स्टुडिओ. नितीन चंद्रकांत देसाईंनी 2005 मध्ये तो उभा केला, 'जोधा अकबर'चे महाल तिथे उभे राहिले, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट 2023 मध्ये देसाई गेले, आणि पुढे स्टुडिओ सरकारच्या चित्रनगरी महामंडळाकडे आला. तेव्हा तुमचे सर म्हणजे महाराष्ट्र शासन असावेत. तसं असेल तर शासनाचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगवाल्याचं नाव का येतं, तेवढं कळवा.

तो क्यूआर होता 'रजिस्ट्रेशन आणि लीगल व्हेरिफिकेशन'च्या फीसाठी. अठरा हजार पाचशे, जीएसटी वेगळा, सगळं रिफंडेबल. लेखकांची संघटना मुंबईत आहे, स्क्रीनरायटर्स असोसिएशन. तिथे सभासद होऊन लेखक आपलं लिखाण आपल्याच नावाने, घरबसल्या नोंदवतो; त्यासाठी निर्माता लागत नाही आणि एवढे पैसे तर मुळीच लागत नाहीत. शिवाय कॉपीराइट नोंदणीने मिळत नाही, तो लिहिल्यावरच लेखकाचा होतो. नोंदणी फक्त तारखेचा पुरावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचे तर सहीचा लेखी करार लागतो आणि त्यात मोबदला लिहावा लागतो. तुमच्या करारात पटकथेचे 'सर्व हक्क, तहहयात, विश्वभर' घेतले आहेत आणि रक्कम एकच लिहिली आहे: लेखकाने तुम्हाला द्यायची.

तुमच्या धंद्यातल्या एका थोर पुरुषाची आठवण झाली. हॉलिवूडच्या नामांकित निर्मात्या बाईंचे आवाज काढून तो लेखक, मेकअपवाले, छायाचित्रकार यांना कामाच्या नावाखाली इंडोनेशियात बोलवायचा आणि गाडी-ड्रायव्हरचे पैसे त्यांच्याकडूनच उकळायचा. वर्षानुवर्षं चाललं, 2020 च्या अखेरीला मँचेस्टरमध्ये सापडला. त्याची मेहनत बघा. निदान तो आवाज तरी बदलायचा. तुम्ही सगळ्यांना तीच चार वाक्यं पाठवता.

तरी तुमच्या यशाचं सगळं श्रेय तुम्हाला देववत नाही. अर्धं खऱ्या सिनेमावाल्यांचं आहे. नवख्याच्या मेलला 'नको' एवढं लिहायलाही ज्यांना वेळ नाही, त्यांनीच तुमचं गिऱ्हाईक तयार करून ठेवलं आहे. वर्षभर कोणीतरी वाचावं म्हणून झुरलेल्या माणसाला तुम्ही 'वाचलं' म्हणता. पटकथा लिहिणारं पोर भोळं नसतं हो, माणसं वाचणं हाच त्याचा उद्योग; पण स्वतःचं कौतुक वाचताना भल्याभल्यांची नजर अधू होते. फी मागाहून येते, आधी तुम्ही ही भूक बघता.

दुकानाच्या काचेवर मी 1930 हा नंबर मोठ्या अक्षरांत लावला आहे. सायबर फसवणुकीचा आहे. लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. खाली हेही लिहिलंय की पैसे घेताना यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. तुमच्यासारख्यांचे 'टोकन अमाउंट घ्यायला पिन टाका' असले मेसेजही लोक मला दाखवायला आणतात.

बाकी क्षेम. पोराने काल माझ्यासमोर तुम्हाला लिहिलं, 'सर, अटी मान्य. फक्त फी माझ्या साइनिंग अमाउंटमधून वळती करून घ्या आणि उरलेले पाठवा.' हिशेब सोपा आहे, तुमचाही त्रास वाचतो. चौदा मिनिटांत एकशे दहा पानं वाचणाऱ्या साहेबांना या दोन ओळी अजून वाचून झालेल्या नाहीत.

आपला,
झेरॉक्सवाला, दहिवली

ता. क. कराराच्या रंगीत प्रिंटचे पैसे पोराने दिलेले नाहीत. ते प्रॉडक्शनच्या खर्चात धरावेत.