साहेब राउंडवर आहेत

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी. एमआयडीसी कुठलीही घ्या, तीन-चारशे माणसांच्या कारखान्यात हे गृहस्थ सापडतातच. हुद्दा कधी एजीएम, कधी ऑपरेशन्स हेड, कधी नुसताच सीनियर मॅनेजर. वय पंचेचाळीस ते बावन्न. आकाशी शर्ट, सेफ्टी शूज, गळ्यात ओळखपत्र, आणि चाल अशी की यांची कुठेतरी गाडी सुटतेय. प्रत्यक्षात त्यांना कुठेही जायचं नसतं. ते राउंडवर असतात.

कामगाराला नेमकं काय हवं असतं, हे त्यांना कामगारापेक्षा जास्त ठाऊक असतं. कारण दर पावसाळ्यात कंपनी त्यांना लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवस ट्रेनिंगला धाडते. तिथे डोळे मिटून सहकाऱ्याच्या अंगावर मागच्या मागे पडणं, रद्दी कागदाचे मनोरे रचणं वगैरे विधी होतात. तिसऱ्या दिवशी साहेब कामावर येतात ते एखाद्या अमेरिकन विद्वानाला बरोबर घेऊनच.

मी ज्या साहेबांना जवळून पाहिलं, त्यांनी एका वर्षी मास्लो आणला. मास्लोने माणसाच्या गरजांची उतरंड 1943 साली मांडली; तिचा त्रिकोण नंतरच्या मंडळींनी केला. साहेबांनी तो पाच रंगांत कँटीनच्या भिंतीवर काढून घेतला. खाली अन्न-पाणी-झोप, वर टोकाला आत्माविष्कार. पेंटरने काम सुबक केलं, पण भिंतीला लागूनच वाढायचा कट्टा होता. भाताचे टोप मांडले की तळाचे दोन रंग झाकले जायचे. त्यामुळे ताट घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आत्माविष्कार स्वच्छ दिसे, अन्न दिसत नसे. उसळीत मटकी शोधावी लागे त्या दिवशी मंडळी भिंतीकडे जरा जास्तच वेळ पाहत. अडीचशेच्या वर कामगार असलेल्या कारखान्यांत कँटीन सक्तीचं करण्याची तरतूद 1948 च्या कारखाना कायद्यात होती. उसळीच्या दाटपणाबद्दल तो काही बोलला नव्हता.

पुढच्या वर्षी मॅकग्रेगर आला. 1960 च्या त्याच्या पुस्तकात व्यवस्थापकांच्या मनातली दोन गृहीतकं आहेत: एक्स म्हणजे माणूस मुळात कामचुकार, त्याला हाकावंच लागतं, वाय म्हणजे माणसाला काम आवडतं, त्याला फक्त मोकळीक द्यावी. "मी पूर्णपणे वायवाला आहे," असं साहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं. त्याच आठवड्यात टॉयलेटच्या दाराशी रजिस्टर आलं. जाताना वेळ, येताना वेळ, सही. रजिस्टरला पेन सुतळीने बांधलेलं होतं.

हा दुटप्पीपणा नव्हे, असं माझं मत आहे. साहेबांचा माणसाच्या चांगुलपणावर खरोखर विश्वास असतो. फक्त तो विश्वास दर तासाला तपासून घ्यावासा वाटतो.

मग टेलर. 1911 सालच्या त्याच्या पुस्तकात श्मिट नावाच्या हमालाची गोष्ट आहे. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात श्मिट दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलायचा. शास्त्रीय पद्धतीने, कधी उचलायचं आणि कधी बसायचं हे सांगितल्यावर साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला. साहेबांनी ही गोष्ट नेमकी डिस्पॅचच्या धक्क्यावर, माथाडी टोळीपुढे सांगितली. टोळीचे मुकादम साठीकडे झुकलेले, तंबाखू मळत ऐकत होते.

"आणि हजेरी किती वाढली साहेब त्याची?"

साहेब प्रामाणिक माणूस. म्हणाले, एक डॉलर पंधरा सेंटवरून एक पंच्याऐंशी.

मुकादमांना डॉलर ठाऊक नव्हता, पण तोंडी हिशेब चोख होता. "म्हंजे माल चौपटीला आला आन् पैसं दीडपटीच्या वर जरासं." त्यांनी तंबाखू दाढेखाली ठेवली. "त्याच्या टोळीला मुकादम नव्हता व्हय?"

ही गोष्ट साहेबांनी पुन्हा कुठेच सांगितली नाही.

हॉथॉर्नचा प्रयोग मात्र त्यांना फार आवडला. शिकागोजवळच्या त्या कारखान्यात 1924 पासून दिव्यांवर प्रयोग झाले. उजेड वाढवला, उत्पादन वाढलं. उजेड कमी केला तरी ते घटेना. आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय म्हणून माणसं हुरूपाने काम करतात, असा अर्थ पुढे लावला गेला. साहेबांनी यातून दोन गोष्टी उचलल्या. पॅकिंगमधल्या चार ट्यूबलाइट काढल्या, आणि स्वतः मशीनमागे उभं राहून लक्ष देऊ लागले. हाताची घडी, मान किंचित तिरकी, चेहऱ्यावर आस्था. यावर ऑपरेटरांनी शोधलेला उपाय साधा होता. साहेब मागे आले की व्हर्निअर काढायचा आणि हातातला जॉब मापायचा. मग फिरवून मापायचा. मग दिव्याकडे धरून पुन्हा मापायचा. मोजणारा माणूस जितका कामात दिसतो तितका काम करणारा कधीच दिसत नाही. साहेब खूश होऊन पुढे जात, तेवढ्यात तीन जॉब मागे पडलेले असत.

कायझेनची योजना त्यांची खास लाडकी. सूचना प्रत्येकाने आपल्या इच्छेने द्यायच्या, दरमहा किमान दोन. न दिल्यास सुपरवायझर इच्छेची चौकशी करायचा. शेवटी असेंब्लीतल्या एका अक्षर चांगलं असलेल्या दादांनी सगळ्या लाइनच्या सूचना लिहायचं काम घेतलं, एका सूचनेला एक कटिंग चहा. जानेवारीत त्यांनी कचऱ्याचा डबा खांबाच्या डावीकडे ठेवला तर पावलं वाचतील असं आकृतीसह दाखवलं, एप्रिलमध्ये उजवीकडे. दोन्ही सूचनांना प्रमाणपत्र मिळालं.

दसऱ्याच्या सुमारास हर्झबर्ग येई. पगाराने नाराजी टळते, पण उमेद येते ती कामातून, कौतुकातून, असं 1959 च्या पुस्तकात त्याने म्हटलं. पगार म्हणूनच कमी द्या असं त्याने कुठे म्हटल्याचं मला दिसलं नाही. साहेब मात्र "पैसा ही खरी प्रेरणा नव्हे" हे व्याख्यान बोनसच्या बोलण्यांआधी आठवडाभर देत. समोरची मंडळी शांतपणे ऐकत. मास्लोचा तिसरा रंग कुठला हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं; पण 1965 च्या कायद्याचा किमान बोनस 8.33 टक्के आणि तो म्हणजे बाराव्या हिश्श्याने एक महिन्याचा पगार, हे गेटवरचा वॉचमनही सांगे.

साहेबांची खरी दैना पाहायची तर त्यांच्या केबिनमधला तक्ता पाहावा. चौकटी, चौकटींना रेघा. त्यांच्या चौकटीतून एक सरळ रेघ प्लँट हेडकडे जाते आणि एक तुटक रेघ गुरुग्रामला. बोट वर केलं की ते अख्खी लाइन थांबवू शकतात, पण हीट ट्रीटमेंटला एक एक्झॉस्ट पंखा हवा झाला तर? मेंटेनन्सची शिफारस, परचेसची तीन कोटेशनं, प्लँट हेडची सही, मग सरळ रेघ संपून तुटक रेघ सुरू. तिकडून विचारणा आली, पंखा ही मालमत्ता धरायची की खर्च? मार्चमध्ये मागितलेला पंखा नोव्हेंबरात आला. दरम्यान टूल क्रिबमधल्या काकांनी भंगारातली मोटर आणि पत्र्याची पाती जोडून एक पंखा कधीच फिरता केला होता. काकांची चौकट तक्त्यात नव्हती.

एप्रिलमध्ये साहेबांचं स्वतःचं अप्रेझल होई. वर्षभर दुसऱ्यांना उमेद देणाऱ्या या माणसाला वरून 'अपेक्षेनुसार' असा शेरा येई, कारण 'अपेक्षेपेक्षा सरस' या खणातल्या जागा भरलेल्या असत. त्या दिवशी ते राउंडला निघत नसत. काचेआड बसून तक्त्याकडे बघत. तेव्हा त्यांना चहा पाठवावा, असं शॉपमधल्या बहुतेकांना वाटे, एकदा पाठवलाही.

तिसऱ्या वर्षाअखेर साहेब सानंदला गेले, दीडपट पगारावर. निरोप समारंभात "नवं आव्हान" हा शब्द चार वेळा आला. नवे साहेब सोमवारी रुजू झाले आणि गुरुवारी त्यांनी पेंटरला बोलावलं. कँटीनच्या भिंतीवर त्रिकोण नको, वर्तुळ हवं होतं.

पेंटरने भिंत पाहिली, फुटांचा अंदाज घेतला आणि डबा खाली ठेवला.

"काढू की साहेब. आधी त्रिकोणाचं बिल तेवढं पास करा."