कपिलधारला कादंबरी ठरते

कादंबरी एकट्याने वाचायची असेल तर तिच्यासारखं सुख नाही. झोप आली की छातीवर उपडी ठेवावी, कंटाळा आला की शेवटचं पान बघून घ्यावं, आणि पुढेमागे कुणी विचारलंच तर डोळे मिटून 'अप्रतिम!' म्हणावं. पुढचं कुणी विचारत नाही. पण तीच कादंबरी चारचौघांनी मिळून वाचायची ठरली की तिचा सार्वजनिक गणपती होतो. वर्गणी, मानपान, रुसवेफुगवे सगळं यथासांग पार पडतं आणि मूर्ती कोणती आणायची यावर वाद चालू असतानाच विसर्जनाची वेळ होते.

बीडमध्ये आमचा एक वाचनकट्टा आहे आणि त्याचा निमंत्रक मी आहे. हे पद माझ्या व्यासंगामुळे मिळालं, असा माझा बरेच दिवस समज होता. पुढे कळलं, की आमच्या घरची बैठकीची खोली सगळ्यांत मोठी आहे आणि बायको चहा चांगला करते.

मागच्या खेपेला आम्ही शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' घेतली. कादंबरी १९६७ची आणि महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदाही १९६७चाच. आम्हाला मिळालेली प्रत बघता ती त्याच वर्षी कपाटात गेली असावी आणि कायदा झाल्याचं तिला कुणी सांगितलं नसावं. शिवण पार सुटलेली. प्रत एक, वाचणारे अनेक. तेव्हा मीच डोकं लढवलं, की सावंतांनी कादंबरी नऊ भागांत मांडली आहे, त्यातल्या चार भागांत कर्ण बोलतो आणि बाकी एकेक भाग कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांचा आहे, तर भाग वाटून घेऊ. निवृत्त एस.टी. कंडक्टरकाकांनी हाताच्या सवयीने ते फाडून ज्याच्या त्याच्या हातात दिले.

चर्चेच्या दिवशी दुर्योधन वाचून आलेले कंडक्टरकाका पांडवांविषयी एक चांगला शब्द ऐकून घेईनात, कुंती वाट्याला आलेल्या बँकेतल्या मॅडम 'तुम्हा पुरुषांना काय कळणार' म्हणून डोळे पुसू लागल्या, मेडिकलवाले भाऊ कृष्ण वाचल्यापासून सगळ्यांकडे बघून नुसतेच मंद हसत बसले, आणि समारोपाला उभा राहिलेल्या मी शोणाला कौरवांचा एक पराक्रमी सेनापती करून टाकलं. शोण म्हणजे कर्णाचा धाकटा भाऊ, हे गुरुजींनी शांतपणे सांगितलं. शोणाचा भाग माझ्याच हातात होता.

म्हणून पुढची कादंबरी तरी शांत जागी, शांत डोक्याने निवडावी असं ठरलं, आणि कपिलधार सुचवण्याचा मान मी मिळवला. बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूला वीसेक किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगरात ही जागा आहे. मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यात वरून कोसळणारा धबधबा. स्वामी सोळाव्या शतकातले वीरशैव संतकवी, 'परमरहस्य' हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ, आणि कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून दिंड्या चालत इथे येतात. एका ग्रंथकाराच्या पायाशी बसून ग्रंथ निवडावा, ही माझी कल्पना. तिच्यावर मी इतका खूश होतो, की श्रावण आहे आणि धबधबा वाहत असणार, एवढं सोडून मी सगळ्याचा विचार केला होता. कादंबऱ्यांची पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळली होती, शाईच्या पेनाने सुबक मतपत्रिका लिहिल्या होत्या, आणि धपाट्यांचे डबे उचलायला कुणीतरी हवं म्हणून बायकोलाही सोबत घेतलं होतं.

सतरंजी मी धबधब्याच्या अगदी समोर टाकली. दृश्य फार सुंदर होतं. ऐकू काहीच येत नव्हतं.

"कोसला!" मी पहिला प्रस्ताव मांडला. नेमाड्यांची, १९६३ची, तरुणांना जवळची वगैरे मुद्दे माझ्या वहीत तयार होते.

"कशाला म्हणजे?" कंडक्टरकाका उखडले. "तुम्हीच आणलंय की आम्हाला!"

मग मी जास्त ताकदीने 'धग' सुचवली. उद्धव शेळक्यांची, १९६०ची, कौतिकच्या फाटक्या संसाराची, विदर्भाच्या बोलीतली ही गोष्ट मी सांगायला सुरुवात करतोय न करतोय तोच मॅडमनी "ढग? कुठंय?" म्हणत छत्री उघडली, मेडिकलवाल्या भाऊंनी धपाट्यांचा डबा छातीशी धरला, गुरुजी वयाला न शोभणाऱ्या वेगाने पायऱ्या चढले, आणि मराठी कादंबरीतल्या ग्रामीण वास्तवावर मी पुढचा काही वेळ एकटाच सतरंजीवर बसून बोललो. मतपत्रिका मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांच्यावर तुषार उडून शाई पसरली होती आणि सगळी मतं निळ्या रंगाला पडली होती.

दुसरी फेरी सभामंडपात. इथे ऐकू येत होतं, त्यामुळे परिस्थिती आणखी बिघडली. गुरुजींचं म्हणणं, उगाच मधूनच कुठून तरी सुरुवात करू नये. बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची, तिच्यापासून धरू आणि क्रमाने पुढे येऊ, म्हणजे घोटाळा नाही. त्या क्रमाने 'कोसला'पर्यंत आमची नातवंडं पोहोचली असती. मॅडमना शेवटी कुणी मरत नाही अशी कादंबरी हवी होती. मी मोठ्या तोऱ्यात माडगूळकरांची १९५५ची 'बनगरवाडी' पुढे केली. "छोटी आहे, गोड आहे, कुणी मरत नाही."

"कारभारी मरतो," गुरुजी म्हणाले. "आणि शेवटी दुष्काळात गाव ओस पडतं."

मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू पाऊस मीच अडवला होता.

आमच्यातला सगळ्यांत लहान, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा, तोवर गप्प होता. तो म्हणाला, "काका, दिवाळीच्या आत संपणारी घ्या." त्याच्या आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे, दिवाळी झाली की कोयता घेऊन ते कारखान्याकडे जातात. मग घर, शेळ्या आणि धाकट्या बहिणीची शाळा याच्यावर येते, ते पार उन्हाळा लागेपर्यंत. बीड जिल्ह्यात निम्म्या गावांचं कॅलेंडर असंच चालतं आणि आमचा कट्टा आपला मराठी नववर्षाचे संकल्प सोडत बसतो. पिशवीत वरच रंगनाथ पठाऱ्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' होती, एका कुळाच्या कित्येक शतकांची जाडजूड कहाणी. ती मी हळूच तळाशी सरकवली.

तरी पण निमंत्रकाने हार मानायची नसते. मी जिल्ह्याचा अभिमान बाहेर काढला. "अहो, आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' लिहिला, कागद पुरला नाही की काय म्हणून चक्क पासोडीवर ग्रंथ लिहिला, आणि आपण चारशे पानांना भितो?"

"पासोडी निदान पांघरता तरी येते," गुरुजी म्हणाले.

मंडपाच्या दुसऱ्या टोकाला 'परमरहस्या'चं पारायण चाललं होतं. मधल्या विसाव्यात तिथल्या एक आजी प्रसाद घेऊन आमच्याकडे आल्या.

"मघाधरनं बघतेय बाबा, कशाची भांडणं लागलीत? वाटणी हाय का?"

"नाही आजी. सगळ्यांनी मिळून वाचायला एक पुस्तक ठरवतोय."

"आमचं ठरलेलंच हाय बगा. श्रावणात बी तेच, कार्तिकात बी तेच. मला तर अक्षर वळखू येत नाय. एक जण वाचतंय, बाकीचे ऐकतेत." त्यांनी आमच्यावरून एक नजर फिरवली. "तुमच्यात वाचतंय कोण?"

प्रश्न साधा होता. गुरुजी वाचून झालेलंच वाचतात, मॅडम शेवट वाचतात, मेडिकलवाले भाऊ मलपृष्ठावरची किंमत वाचतात, आणि कंडक्टरकाकांना चालत्या गाडीतच वाचता येतं. निवृत्तीनंतर तो योग गेला. सगळ्यांनी एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. निमंत्रक या नात्याने मी हात वर केला.

पिशवीतली सगळ्यांत कोरडी राहिलेली आणि सडपातळ कादंबरी निघाली 'पाचोळा', आपल्या लातूरकडच्या रा. रं. बोराड्यांची, १९७१ची. गावातल्या शिंप्याची बायको आपल्या संसाराची परवड आपल्याच तोंडाने, मराठवाड्याच्या बोलीत सांगते. मी घसा खाकरला, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळवणारा आवाज लावला आणि सुरू झालो. काय होत होतं कोण जाणे, पण कागदावर ठसठशीत बोलीत छापलेला शब्द माझ्या तोंडातून शुद्ध होऊनच बाहेर पडायचा. ती बिचारी बाई प्रत्येक वाक्यागणिक आणखी सुशिक्षित होत चालली, आणि पान उलटेपर्यंत ती एखाद्या परिसंवादाची अध्यक्ष वाटायला लागली.

"ही बाई पुण्याची हाय का?" आजींनी विचारलं.

बायकोने काही न बोलता माझ्या हातातून पुस्तक घेतलं. तिचं माहेर धारूरकडचं. तिने पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली, आणि ती शिंप्याची बायको सरळ येऊन आमच्या सतरंजीवर बसली. पोराने मोबाइल खिशात टाकला. कंडक्टरकाका "व्हय, व्हय" करू लागले. ह्यात पुढे कोण मरणार, हे विचारायचं मॅडम विसरल्या. आजींच्या बरोबरच्या दोघीतिघी येऊन खांबाला टेकून ऐकत उभ्या राहिल्या, त्या पलीकडे पुन्हा पारायण सुरू होईपर्यंत हलल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर मी तिला म्हटलं, "पहिल्यांदा वाचतेस, पण चांगलं वाचतेस."

"दुसऱ्यांदा," ती म्हणाली. तुम्ही छातीवर उपडी ठेवून झोपता तेव्हा दुपारभर पुस्तक मोकळंच असतं, असंही म्हणाली. 'कोसला', 'धग', 'बनगरवाडी', सगळी तिची वाचून झाली आहेत. शोण कोण हेही तिला माहीत होतं. त्या दिवशी ती आत चहा गाळत होती म्हणून बोलली नाही.

आता आमच्या बैठकीच्या खोलीत ती वाचते आणि कट्टा ऐकतो. दिवाळीच्या आत 'पाचोळा' सहज संपेल. चहा मी करतो, आणि त्याबद्दल सभासदांनी अजून लेखी तक्रार केलेली नाही. पुढची कादंबरी तिने परस्पर ठरवूनही टाकली आहे. कोणती, ते निमंत्रकाला यथावकाश कळवण्यात येईल.