संस्कारधानीतला खटका

जबलपूरला ‘संस्कारधानी’ हे नाव विनोबांनी दिलं. आमच्या घरापुरतं बोलायचं तर इथे संस्कार एकच, आणि तो खोलीतून बाहेर पडताना करायचा असतो: दिव्याचा खटका बंद. आई ८१ वर्षांची आहे. तिचे गुडघे बदलले, चष्म्याचा नंबर बदलला, सुना-जावयांबद्दलची मतंही बदलली, पण खटक्यावरचा हात बदललेला नाही. न्हाणीघराचा खटका बाहेरच्या भिंतीवर आहे. आत पाहुणा असतानाही तिनं तो दोन-तीनदा बंद केलेला आहे. पाहुणे आतून खोकतात, आई बाहेरून म्हणते, “आहात होय?”

अशा घरात मी स्मार्ट दिवे आणले.

तसा उशीरच झाला होता. शहर २०१६ च्या जानेवारीतच स्मार्ट झालं. म्हणजे केंद्र सरकारनं पहिली वीस शहरं जाहीर केली, त्यात पुणे-सोलापूरबरोबर जबलपूरचंही नाव होतं. राइट टाऊनमधलं आमचं घर तेवढं अडाणी राहिलं. चिरंजीव पुण्याला असतात. पुण्यात राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गावात काय कमी आहे ते उंबरठ्यावरच कळतं. अक्षय तृतीयेला आले, चप्पल काढली, हॉलमधला दिवा लावला आणि म्हणाले, “बाबा, तुम्ही अजून भिंतीपर्यंत चालत जाता?” डॉक्टरांनी मला रोज चार किलोमीटर चालायला सांगितलंय. त्यातली सहा पावलं चिरंजीवांनी तत्काळ वाचवायचं ठरवलं. अकरा दिवे आणि एक रास्पबेरी पाय मागवला, आणि माल यायच्या आत पुण्याची गाडी पकडली.

खोकं आलं तेव्हा हिनं विचारलं, “काय आलंय?”

“पाय.”

“कुणाचा?”

हा पाय म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर. तो २०१२ च्या २९ फेब्रुवारीला पहिल्यांदा विक्रीला आला, त्यामुळे वाढदिवसही चार वर्षांतून एकदाच येतो. इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून तो काढला होता. शाळकरी पोरांसाठी आहे हे वाचून मला धीर आला. तो साधारण पाऊण तास टिकला.

पहिली ठेच कॉम्प्युटरपर्यंत पोचण्याआधीच लागली. दिवे चुडीचे, म्हणजे फिरवून बसवायचे, आणि घरातले होल्डर पिनांचे. जग जिंकायला निघालेल्या अकरा दिव्यांना होल्डरात बसता येईना. बडा फुवाऱ्याच्या बाजारात जाऊन पिनांचं चुडीत रूपांतर करणारे अकरा तुकडे आणले. दुकानदारानं सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाला, “बड्डे, बल्ब स्मार्ट है तो खुद घूम के क्यों नईं लग जाता?” यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग जोडणी. अकरातले दोन दिवे वायफायवर चालणारे, नऊ झिगबीवर. वायफायवाल्यांची कथा गाण्यातल्या पट्टीची आहे. घरातला राउटर दोन पट्ट्यांत गातो, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ, पण दोन्हींना नाव एकच. फोन नवा, त्यामुळे तो पांढरी पाचमध्ये जाऊन बसला. स्वस्तातल्या दिव्याला फक्त काळी दोन येते. फोन त्याला हाका मारतोय, तो आपल्या पट्टीत लुकलुकतोय, आणि मी मध्ये पेटी धरून. पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र आणि खाली सूचना, की दिवा फोनच्या जवळ न्या. मी शिडीवर उभा राहून फोन दिव्याला अक्षरशः ओवाळत होतो. शेवटी राउटरच्या पोटात शिरून दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली तेव्हा कुठे दिवा बोलला. यात दोन संध्याकाळी गेल्या.

झिगबी हे नाव मधमाशांच्या नाचावरून घेतलंय. फुलं कुठे सापडली हे माशी नाचून दाखवते, तसे हे दिवे एकमेकांना निरोप देतात, असं त्यातलं काव्य. आमच्या पोळ्यात राणीमाशी म्हणून एक पेनड्राइव्हसारखी कांडी पायात खोचायची होती. मी ती निळ्या तोंडाच्या भोकात खोचली, कारण ते जलद असतं असं ऐकून होतो. नऊपैकी एकही माशी नाचेना. चिरंजीवांबरोबर चार रात्री फोनवर गेल्या. पाचव्या रात्री ते सहज म्हणाले, “निळ्यात नाही ना घातली?” हे निळं भोक म्हणजे यूएसबी ३. त्यातून बाहेर पडणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा असतो, आणि झिगबीचं कुजबुजणंही तिथलंच. कांडीला ऐकूच जात नव्हतं. उपाय काय, तर दीड हात लांबीची साधी वायर जोडून कांडी कॉम्प्युटरपासून दूर ठेवायची आणि काळ्या भोकात खोचायची. पन्नास-साठ रुपयांची वायर. ही गोष्ट खोक्यावर छापायला एक ओळ लागली असती. तिथे त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर हसणारं कुटुंब छापलं होतं.

तुम्ही म्हणाल, हे वायफाय, ते झिगबी, असे वेगवेगळे पंथ कशाला? पंथ जुने आहेत. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या एका कंपनीनं घरातल्या विजेच्या तारांवरूनच दिव्याला निरोप पाठवायची युक्ती काढली, तिचं नाव एक्स-टेन. मग झेड-वेव्ह आलं, झिगबी आलं, जो तो आपापलं घेऊन. इतके झाले की सगळ्यांत ऐक्य हवं म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरात बड्या कंपन्यांनी मिळून ‘मॅटर’ नावाचं नवं मानक काढलं. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावात दोन महाराष्ट्र मंडळं असतात, त्यांच्यात ऐक्य व्हावं म्हणून तळमळीची माणसं एकत्र येतात, आणि गावात तीन मंडळं होतात.

असो. एका शनिवारी संध्याकाळी अकराही दिवे पायाच्या ताब्यात आले. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य जबलपुरावर १७९८ ते १८१७ अशी एकोणीस वर्षं टिकलं. अकरा दिव्यांवर माझं एकोणीस तास टिकलं.

त्या एकोणीस तासांतच आम्सटरडॅम प्रकरण घडलं. मी हौसेनं देवघरात दिवेलागण बसवली होती. सूर्य मावळला की देवघरातला दिवा आपोआप, मंद पिवळा, २७०० केल्व्हिन. आईला सांगून ठेवलं, आज बघच. संध्याकाळ झाली, अंधार पडला, आई देवघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. काही नाही. तिनं निरांजन लावलं, शुभंकरोती म्हटली, जेवली, झोपली. रात्री सव्वा वाजता देवघर लख्ख उजळलं. आईला वाटलं काकडआरतीची वेळ झाली. तिनं उठून आंघोळ केली. मला जाग आली तेव्हा ती सोवळ्यात बसून हिला हाका मारत होती, की फुलं अजून कशी आली नाहीत.

झालं होतं असं. सूर्य कधी मावळतो हे पाय नकाशावरच्या टाचणीवरून काढतो. ती टाचणी आधीपासून आम्सटरडॅमला होती आणि मी ती हलवायची विसरलो होतो. चूक सर्वस्वी माझी. मे महिन्याच्या अखेरीस तिथला सूर्य रात्री पावणेदहाला बुडतो, तेव्हा आपल्याकडे सव्वा वाजलेला असतो. आमच्या देवांची दिवेलागण हॉलंडच्या सूर्यावर झाली. टाचणी उचलून जबलपुरात आणली, तेव्हा पायानं बरोबर वेळ सांगितली. आई म्हणाली, हे मला विचारायचं. आमच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर असतं, त्यातला सूर्य मुंबईचा. आई गेली साठ वर्षं त्यातून ऋतूप्रमाणे वीस ते पस्तीस मिनिटं मनातल्या मनात वजा करत आलीय. तिला कुणी टाचणी दिली नव्हती.

पण खरी लढाई खटक्यावर झाली. स्मार्ट दिव्याची अट अशी की भिंतीवरचा खटका सदैव चालू हवा. दिवा विझलेला दिसला तरी आतून जागा असतो, निरोपाची वाट बघत. खटका बंद केलात की तो बेशुद्ध, आणि फोनवर त्याच्या नावापुढे एक शब्द उमटतो, त्याचं मराठी मी रेल्वेच्या चौकशी खिडकीतून उचललंय: अनुपलब्ध. शिवाय झिगबीत प्रत्येक दिवा पुढच्याचा निरोप्या. हॉलचा दिवा आईनं मालवला, की त्याच्या भरवशावर असलेला माडीवरचा दिवाही मुका होतो. मी सगळ्या खटक्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, ‘बंद करू नये’. आई म्हणाली, “तसं नंदादीपाला सांगतात. न्हाणीघराच्या दिव्याला नाही.”

आणि मग तिनं तो घातक प्रश्न विचारला. “विझलेला असताना वाट बघतो म्हणतोस, ती फुकट बघतो का?”

फुकट नाही. असा दिवा विझूनही अर्ध्या वॉटच्या आसपास खातो. अकरा दिवे, दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस: जवळजवळ चार युनिट. पैशात मोजलं तर क्षुल्लक आहे. पण ज्या बाईनं सबंध आयुष्यात विझलेल्या दिव्याला एक पैसा दिला नाही, तिच्यापुढे मी हा हिशेब कागदावर मांडून बसलो होतो. गप्प बसलो असतो तर? नाही, तिनं काढून घेतलाच असता.

शेजारचे काका विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. राज्याच्या वीज मंडळाचं मुख्यालय जबलपुरातच होतं, रामपूरचं शक्तीभवन. त्यामुळे आमच्या भागात दर चौथ्या घरात एक निवृत्त अभियंता आहे आणि विजेबद्दल बोलताना मान खाली घालावी लागते. काका पायाकडे बराच वेळ बघत राहिले. “बर्गीला पंचेचाळीस पंचेचाळीस मेगावॅटचे दोन संच आहेत,” ते म्हणाले. “नऊ वॅटच्या दिव्याची करतोस तेवढी मनधरणी आम्ही त्यांचीही कधी केली नाही.”

काका गेले आणि आभाळ फाटलं. मे अखेरीचा नवतपा सुरू असताना आमच्याकडे असं अंधड येतं, की अंगणातल्या खाटा शेजाऱ्याकडे जातात. एक फांदी तारेवर झुलायला लागली. लाइट गेली, आली, गेली, आली. फांदीला काय ठाऊक, की या दिव्याला नव्या घरात नव्यानं नांदवायचं असेल तर त्याला पाच वेळा बंद-चालू करायचं, अशी कारखान्याची रीत आहे. तिनं बरोब्बर पाच वेळा केलं. सहाव्यांदा वीज स्थिरावली, तेव्हा अकरापैकी एकाही दिव्याला मी आठवत नव्हतो. सगळे एकदम लुकलुकायला लागले, नवा मालक शोधत. अख्खं घर दसऱ्याच्या मांडवासारखं उघडझाप करतंय, आणि खाली रस्त्यावर पावसात भिजत थांबलेला कुणी ओरडतोय, “काए बड्डे, बारात किसकी आ रई?” आई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली आणि एकेक खटका बंद करत आली. त्या रात्री घरात झोप लागण्याजोगा अंधार झाला तो तिच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, दिवे साधेच राहू देत, खटक्यामागेच स्मार्ट यंत्र बसवू, म्हणजे आईनं दाबलं तरी चालेल आणि फोनवरून केलं तरी. हे शहाणपण आधी सुचायला हवं होतं. त्यानं देवघरातल्या खटक्याची झाकणी उघडली, आत टॉर्च मारला आणि हळहळला. “न्यूट्रल नईं है इसमें, भैयाजी।” आमची वायरिंग आजोबांच्या वेळची, लाकडी पट्टीवरची. खटक्यात एक तार येते, एक जाते. न्यूट्रल परस्पर छतावरून दिव्याकडे. त्या यंत्राला मात्र स्वतःला जगायला न्यूट्रल लागतो. सबंध घराच्या भिंती फोडायचा त्यानं आकडा सांगितला. मी त्याला चहा पाजला.

चिरंजीवांनी पुण्याहून तोड काढली. बिनतारी बटन मिळतं. आत नाण्याएवढा सेल, मागे चिकटपट्टी, भिंतीवर कुठेही डकवा. दाबलं की दिवा लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. जुन्या खटक्याला हात लावायचाच नाही. दिवे पुन्हा एकेक करून जोडले, यावेळी काळ्या भोकातून, आणि देवघराच्या दाराशी, जुन्या खटक्याच्या वीतभर वर, नवं बटन डकवलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत. आईनं दाबून पाहिलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. तिला आवडलं असावं, कारण तिनं आणखी दोनदा दाबलं.

“भिंतीवरचं बटन दाबलं की दिवा लागतो तर,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

रात्री निजायला जाताना तिनं नवं बटन दाबलं. दिवा विझला. मग थोडी थांबली, हात वीतभर खाली नेला आणि जुना खटकाही बंद केला.

सकाळी फोन उघडला. देवघर अनुपलब्ध.